चिखलाला जामीन

माझा जन्मात एकदाच जाहीर सत्कार झाला, आणि तो माझ्या सर्वात मोठ्या चुकीबद्दल झाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने झाकून ठेवलं. त्या सत्काराची शाल अजून कपाटात आहे. बायको थंडीत ती पांघरायला काढते आणि मी तोंड दुसरीकडे फिरवतो.

मी भिलाईच्या प्लांटात पाण्याच्या खात्यात होतो, पंप ऑपरेटर. लोखंड वितळवणारे आमच्याकडे बघून नाक मुरडायचे. त्यांच्या लेखी आम्ही नळवाले. पण भट्टीच्या अंगाभोवती फिरणारं पाणी घडीभर थांबलं तर काय होईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यामुळे आमच्या खात्यात एकच गोष्ट मानायची, लेवल. शिफ्टवर आलं की आधी गेजपट्टी बघायची, लॉगबुकात आकडा लिहायचा आणि मगच चहा. लेवल उतरली की फोन खणखणायचा आणि वरचा साहेब आईबहिणीचा उद्धार करायचा. तीस वर्षांहून जास्त मी हेच केलं. भरलेलं पाणी म्हणजे सगळं ठीक, उतरलेलं पाणी म्हणजे संकट, हे हाडात मुरलं.

हाडात आणखीही एक गोष्ट होती. माझा बाप भंडाऱ्याकडून प्लांट बांधायला आलेल्या मजुरांपैकी. त्याच्या गावात सवर्णांच्या विहिरीवर आमची सावली चालत नसे. इथे क्वार्टर मिळाल्यावर तो पहिल्या दिवशी नळाला तोंड लावून पाणी प्यायला आणि एकटाच हसत सुटला, असं आई सांगायची. आमच्या माणसांनी एका तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला डोकी फोडून घेतलेली, ते आम्ही घराघरांतून ऐकत मोठे झालो. बाप म्हणायचा, "तळं कोनाच्या बापाचं नसते. ज्याले तहान, त्याचं." आमच्या घरात पाण्याची गोष्ट कधी नुसती पाण्याची नव्हती. म्हणून चूक झाली तेव्हा मला ती नुसती चूक वाटली नाही, लाज वाटली.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि आम्ही भिलाईतल्याच सुपेला वस्तीच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर घेतलं. पहिल्या महिन्यातच बायकोने मला हाकललं. "ऐका जी, माह्या पिठाच्या डब्याची लेवल पाहू नका. कुटंतरी जाऊन येत जा." तिचं खरं होतं. गॅसचं सिलिंडर किती दिवस गेलं हेसुद्धा मी भिंतीवर पेन्सिलने लिहायला लागलो होतो.

मग मी स्कूटर काढून तळ्यावर जायला लागलो. टाऊनशिप संपल्यावर शेतं लागतात, त्या शेतांच्या मधे हे तळं आहे. गावातले त्याला बांधा म्हणतात. एका अंगाला उंच पाळ, दगडी पायऱ्या आणि खोल पाणी. समोरचं अंग मात्र सपाट. पावसाळ्यात तिकडे शेतापर्यंत पाणी पसरतं, आणि पाऊस सरला की ते हळूहळू मागे सरकू लागतं. मागे उरतो तो चिखल. त्या चिखलाकडे मी कधी नीट बघितलंही नव्हतं. मी बघायचो पक्षी. दिवाळी झाली की ते यायचे, काही हिमालय ओलांडून, काही त्याच्याही पलीकडून, आणि होळीपर्यंत राहायचे. नारिंगी अंगाचे चक्रवाक, लांब शेपटीची तलवार बदकं, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, आणि चिखलात तुरुतुरु पळणारे तुतवार. मोबाईलवरून एकेकाचं नाव शिकलो. म्हातारपणी नवीन काही शिकता येतं याचा मला फार आनंद झाला होता.

पण सवय जाते कुठे? एका उन्हाळ्यात मी पांढरा ऑइल पेंट घेऊन गेलो आणि पायरीच्या कडेच्या दगडावर गेज रंगवली, खालून वर, फूट आणि इंच. एक जाड वही घेतली. पानावर दोन रकाने, डावीकडे पाणी, उजवीकडे पक्षी. रोज सकाळी पोचलो की आधी गेज, मग पक्षी, मग थर्मासमधला चहा. मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झालो होतो.

पाळीवर एक म्हातारी केवटीण बसायची. केवट म्हणजे इथले मासेमारी करणारे लोक. ती उथळ अंगाला शिंगाडा लावायची, कमळाचे देठ काढायची, पाण्यात उगवणारी करमत्ता भाजी खुडायची, आणि दुपारी सुपेल्याच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. मी दगडावर वाकून आकडा बघताना ती मला बघायची. एकदा म्हणाली, "काबर नापथस बबा? पानी ह कहूँ भागत हे का?" पाणी काय पळून चाललंय, म्हणून मोजतोस? मी हसून सोडून दिलं.

मग एका वर्षी पाऊस रुसला. दिवाळीच्या आधीच गेजचे खालचे आकडे उघडे पडले. दिवाळी झाली आणि पक्षी तर नेहमीसारखे येऊन उतरले. मला झोप लागेना. रोज वहीत उतरता आकडा लिहिताना कानात जुना फोन वाजायचा. पाणी असंच गेलं तर पक्षी उडून जातील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तसं कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. पंप हाउसच्या माणसाला कसलं विचारायचं? लेवल डाऊन म्हणजे डाऊन.

आमचा सकाळी फिरणाऱ्या रिटायर लोकांचा एक ग्रुप होता. त्याचे अध्यक्ष म्हणजे प्लांटातले एक मोठे ऑफिसर, मूळचे नागपूरचे, आपल्यातलेच मराठी. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे, रिटायर झाल्यावरही. त्यांच्याकडे मी अर्ज लिहून नेला. कालव्याचं पाणी उन्हाळ्यात गावतळ्यांत सोडतात, ते आमच्या तळ्यात आत्ताच हिवाळ्यात सोडावं, म्हणजे विदेशी पक्षी वाचतील. सोबत माझ्या वहीतला डावा रकाना उतरवून जोडला. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात डेटा." त्यांची ओळख वरपर्यंत. पंधरवड्यात कालव्याचं दार उघडलं.

पाणी आलं तो दिवस मला आजही आठवतो, आणि आज तो आठवला की अंगाचा तिळपापड होतो. तेव्हा मात्र मी पायरीवर उभा राहून एकेक इंच चढताना बघत होतो आणि डोळे भरून आले होते. समोरचं सपाट अंग पाण्याखाली गेलं. तळं काठोकाठ, निळं, कॅलेंडरवर छापावं तसं. पुढच्या रविवारी हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. साहेब बोलले, "एका साध्या पंप ऑपरेटरने करून दाखवलं." त्यातला साधा हा शब्द मला टोचला होता, पण टाळ्यांत विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी केवटीण पाळीवर जाळं शिवत होती. मला बघून तिने सुई थांबवली.

"ले बबा, भर डारेस तरिया ला. अब तोर चिरई मन कहाँ ठाढ़ होहीं?"

तळं तर भरून टाकलंस, तुझे पक्षी आता उभे कुठे राहणार, असं ती विचारत होती. मी म्हणालो, पाण्यात राहतील, पक्षी पाण्याचेच ना! तेव्हा ती म्हणाली, "चिरई के गोड़ ला देखे हस कभू? तउँरे बर नोहय, चिखला म रेंगे बर आय." पक्ष्याचे पाय कधी बघितलेस का? ते पोहायचे पाय नाहीत, चिखलात चालायचे आहेत.

मला राग आला. जन्मभर पाण्याशी खेळलेल्या माणसाला ही बाई पाणी शिकवते! मी थर्मास उचलला आणि दुसऱ्या पायरीवर जाऊन बसलो.

आठ दिवसांत तुतवार गेले. मग तलवार बदकं, थापटे, शेवटी चक्रवाकही. खोल पाण्यात मधोमध पाणकावळे डुबक्या मारत राहिले, बस्स. मी कारणं शोधत होतो. लग्नसराईचे फटाके असतील, बँड असेल, शेजारच्या गावातला नवीन टॉवर असेल. दोष द्यायला मी कुणाला म्हणून सोडलं नाही, एका माणसाखेरीज.

तो माणूस बायकोने पकडून दिला. एका दुपारी मी वही उघडी टाकून डुलकी काढत होतो. ती चष्मा लावून पानं उलटत बसली होती. मला हलवून उठवलं.

"हे पाहा जी. इकडं पानी चढून राहिलं, अन् तिकडं पक्षी उतरून राहिले. पान पलटवा, मागच्या सालीबी तसंच. पानी कमी तं पक्षी जास्त."

"तसं नसते वो."

"कावून नसते? तुमच्याच हातचं लिहेल हाय. मी थोडीच लिहिलं!"

मी वही ओढून घेतली. डावा रकाना मी रोज वाचायचो, उजवाही वाचायचो, पण दोन्ही एकत्र कधी वाचलेच नव्हते. पंप हाउसात उजवा रकाना नसतोच ना. बहुतेक बदकं बुडी मारत नाहीत, डोकं पाण्यात घालून बूड वर करून तळाचं खातात. पाणी मान पुरेल इतकंच लागतं. चिखलातले तर पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या किड्यांवर जगतात. हजारो कोसांवरून उपाशी येतात ते त्या चिखलासाठी. मी त्यांच्या ताटावर पाणी ओतलं होतं. आणि वर शाल घेतली होती.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोने दोनदा विचारलं, मग तीही जेवली नाही.

इथवर गोष्ट माझ्या चुकीची होती आणि मी ती मनात ठेवून मेलो असतो. पण उन्हाळ्यात तळ्यावर एक मोठा बोर्ड लागला. त्यावर निळं, अंड्यासारखं गोल तळं. भोवती दगडी पिचिंग, म्हणजे काठाला चारी बाजूंनी दगड बसवायचे. फिरायला टाइल्सचा रस्ता, नावा, रंगीत कारंजं. उथळ अंग मशीन लावून खोल खोदणार आणि बारा महिने पाणी भरलेलं ठेवणार. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पक्षी विहार. चित्रात दोन हंसही काढले होते. पक्ष्याला पाय टेकायला मात्र त्या चित्रात एक वीतभर जागा नव्हती. आणि खालच्या कोपऱ्यात माझा फोटो, शालीसकट. बाजूला ओळ, नागरिकों की मांग पर.

माझ्या फोटोखाली तो चिखल मारला जाणार होता. मी तडक साहेबांच्या घरी गेलो. त्यांनी बसवलं, सरबत दिलं. मी वही उघडून दोन्ही रकाने दाखवले आणि म्हणालो, "साहेब, मी चुकलो. अर्ज मागे घ्यायचा हाय."

ते हसले. "अहो, आता मंजुरी आली. इतकं छान काम होऊन राहिलं. चिखल काय बघायचा असतो का? लोक फॅमिली घेऊन येतील."

"अन् पक्षी?"

"येतील हो तेही. पाणी पाहून कोण येणार नाही?"

मी म्हणालो, मग मी लेखी देतो की माझी मागणी चुकीची होती. साहेबांचा चेहरा बदलला. सरबताचा पेला त्यांनी माझ्यासमोरून उचलून बाजूला ठेवला, अर्धा होता तसाच. "ह्या लोकांना मान द्यावा तर..." एवढंच म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायची गरजही नव्हती, असली अर्धी वाक्यं आम्ही तीन पिढ्या मनातल्या मनात पुरी करत आलो आहोत. मी उठलो आणि म्हणालो, "मान परत घ्या साहेब. चिखल मी सोडत नाई."

ज्या माणसासमोर जन्मभर उभं राहून बोललो, त्याला असं बोलायला साठी उलटावी लागली.

त्याच महिन्यात गावात तक्रार निवारणाचं सरकारी शिबिर लागलं. शाळेच्या पटांगणात मंडप, टेबलं, कूलर. मी रांगेत उभा राहिलो. टेबलावरच्या बाबूने माझ्या जुन्या अर्जाचा नंबर कॉम्प्युटरवर काढला.

"आपकी मांग तो पूरी हो गई है, बाबा. हरा दिख रहा है."

"मुझे मांग वापस लेनी है."

"पूरी हुई मांग वापस कैसे होगी? लोग यहाँ मांग पूरी नहीं हुई, इसलिए आते हैं."

"मैं पूरी हुई, इसलिए आया हूँ."

रांगेतले हसले. बाबूही हसला, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, असा रकानाच नाही, साध्या कागदावर लिहून द्या, आणि एकट्याने देऊ नका, चार लोकांच्या सह्या घ्या.

चार लोक कुठून आणायचे? ग्रुपमधल्या प्रत्येकाला माझं पटत होतं आणि सही करायला प्रत्येकाचं पेन घरी राहिलं होतं. मी पाळीवर गेलो. केवटीण आणि तिच्यासोबतच्या चार-पाच जणी भाजी निवडत होत्या. खोल पाणी मासेमारीचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराचं. उथळ पाणी या बायकांचं, त्यातच शिंगाडा, त्यातच भाजी, त्यातच लहान मासोळी. तळं खोल झालं की त्यांच्याही ताटावर पाणी. हे सगळं मी अगदी व्यवस्थित समजावून सांगायला लागलो. म्हातारीने हात वर करून थांबवलं.

"पहिली बता, गलती काखर रिहिस?"

चूक कुणाची होती, ते आधी सांग. सगळ्याजणी भाजी थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितलं, वर बघितलं. मग म्हणालो, "मोर." माझी.

"त अब लिख," ती म्हणाली.

तो कागद घेऊन आम्ही किती खेपा घातल्या ते सांगत बसत नाही. पावसाळा संपता संपता एकदाची तपासणी ठरली. तरुण इंजिनिअर जीपमधून उतरला. साहेबही आपल्या गाडीने आले, ग्रुपमधले दोघं-तिघं सोबत. मी इंजिनिअरला उथळ अंगाला नेलं. पाणी नुकतंच मागे सरकू लागलं होतं आणि त्याच्या बुटांना चिखल लागत होता. मी वही दाखवली, पान पलटून पलटून दाखवली. त्याने माझा जुना अर्ज फायलीतून काढला.

"ये दस्तखत आपके ही हैं?"

"मेरे ही हैं."

"तो गलत कब थे? तब या अब?"

साहेब गालात हसले. मी मोठ्याने म्हणालो, "तब." सगळ्यांनी ऐकावं म्हणून आणखी एकदा म्हणालो. गंमत अशी की दुसऱ्यांदा म्हणताना काहीच जड गेलं नाही.

इंजिनिअरने वहीचे दोन्ही रकाने पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाला, या हिवाळ्यात कालव्याचं पाणी सोडत नाही, उथळ अंगाचं काम एक सीझन थांबवतो. "पर आप लिखकर दीजिए. पक्षी नहीं आए, तो देरी की जिम्मेदारी आपकी. फिर होली के बाद मशीन लगेगी, और आप बीच में नहीं आएँगे."

साहेबांना ते फारच आवडलं. "हां, हे बरोबर," ते म्हणाले.

मी कागदाकडे बघत राहिलो. नात्यातल्या पाहुण्याचा भरवसा नसतो, आणि मी हिमालयापलीकडच्या पाहुण्यांना जामीन राहायचं! एकदा पाण्याखाली गेलेली जागा ते विसरले असतील तर? वाटेत दुसरं तळं आवडलं असेल तर? पण सही केली नसती तर मशीन त्याच आठवड्यात उतरलं असतं. मी सही केली. मागून केवटीण पुढे आली. इंजिनिअरच्या माणसाने शाईचा पॅड उघडून तिच्यापुढे धरला. तिने तो बोटाने मागे सारला.

"अंगठा नइ. दस्कत करहूँ."

आणि माझ्या सहीखाली तिने आपलं नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून, कागद फाटेल असं.

मग ती वाट पाहणं आलं. दिवाळी झाली. पाणी रोज बोटभर मागे जात होतं आणि चिखल वाढत होता, काळा, ओला, रिकामा. मी रोज पोचायचो. उजव्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. पाळीवरून फिरणारे जाता जाता विचारायचे, "काय, आले का पाव्हणे?" एकाने तर विचारलं की चिखलाचा वास घ्यायला येता का. मी म्हणायचो, "हो, घेऊन पाहा, फुकट हाय." पण घरी चिडचिड करायचो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर ओरडलो, तेव्हा ती म्हणाली, "पक्षी येत नाई म्हून माह्यावर कावून बोंबलता? उद्या मीच येतो तुमच्यासंगं."

ती खरंच आली, स्कूटरवर मागे बसून, शाल पांघरून, तीच शाल. जन्मात ती त्या तळ्यावर पहिल्यांदा येत होती. धुकं होतं. केवटीण कडेला उकिडवी बसली होती. तिने आम्हाला बघून नुसता हाताने इशारा केला, खाली बसा. आम्ही बसलो. आधी आवाज आला, बारीक, चिखलात पाय ओढल्यासारखा. मग धुकं थोडं हललं. तुतवार होते. चिखलभर पळत होते, चोची खुपसत होते, मधेच थांबून पुन्हा पळत होते. त्यांच्या पलीकडे, घोटाभर पाण्यात, तलवार बदकांची शेपटं वर झालेली दिसत होती.

बायको माझ्या कानात म्हणाली, "एवढुशे! यायच्यासाठी तुमी साहेबाशी भांडले?" मी हो म्हणालो. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि मी दोन्ही केलं. केवटीण आमच्याकडे न बघता भाजी खुडायला गेली.

दोन दिवसांनी साहेबांनी त्याच पक्ष्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हमारे प्रयासों का फल. मी त्याखाली लिहिलं की ह्या फोटोत पक्ष्यांच्या पायांखाली जे काळं दिसतं, ते तुम्ही खोदायला निघाला होता. दुपारपर्यंत ग्रुपने मला काढून टाकलं. मला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं असावं.

होळी झाली, पक्षी गेले. मग मी आणि केवटीण इंजिनिअरच्या ऑफिसात गेलो. मी वही टेबलावर ठेवली, उजवा रकाना भरलेला. त्याने पाहिली, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही बरं वाटलं. "बहुत बढ़िया, बाबा," म्हणाला. "फिलहाल काम रुका हुआ है. देखते हैं."

"देखते हैं नहीं, साहब. पक्षी नहीं आए तो जिम्मेदारी हमारी, ये आपने लिखवा लिया था. अब आए हैं. अब आप लिखकर दीजिए, कि उस चिखल को हाथ नहीं लगाएँगे, और ठंड में पानी नहीं भरेंगे."

तो हसला. "ऐसा लिखकर कौन देता है?"

"हमने दिया था," मी म्हणालो.

आणि खुर्ची ओढून बसलो. केवटीणही बसली, टोपली मांडीवर घेऊन. त्याने घड्याळ बघितलं, फाइल उघडली, बंद केली, चहा मागवला. आम्ही चहा घेतला आणि बसून राहिलो. शिपाई दिवे बंद करायला आला तेव्हा उठलो.

त्याने अजून लिहून दिलेलं नाही. आम्ही दर सोमवारी जातो आणि बसतो.